बंधारा पाण्याखाली जातो आणि उजवा कान मंदावतो: इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन व अ‍ॅम्प्लिफायर यांच्या जोडीतील दोष कसा शोधावा

तक्रार बहुधा अशी असते. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर मार्च-एप्रिलमध्ये घरी येतो, दोन महिने ऐकणे सुखाचे जाते, आणि जुलैमध्ये, म्हणजे कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी ज्या आठवड्यात येते त्या सुमारास, एका कानाचा आवाज उतरू लागतो. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे सारे ठीक असते. मग गायकाचा आवाज डोक्याच्या मधोमध असतो तिथून हळूच एका बाजूला सरकतो आणि अर्ध्या तासात दुसरा कान कापूस घातल्यासारखा होतो. मधूनच बारीक चुरचुर ऐकू येते. या टप्प्यावर बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात, की अ‍ॅम्प्लिफायर हेडफोनला पुरत नाही, जोडी जमलेली नाही, आता मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला हवा.

मीही तोच निष्कर्ष काढला होता आणि त्याची किंमत मोजली. राजारामपुरीतील आमच्या घरात वापरलेल्या स्थितीत विकत घेतलेल्या हेडफोनचा उजवा कान पहिल्या पावसाळ्यात मंदावला. मी मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी पैसे जमवले, तो ऑक्टोबरच्या उन्हात घरी आला, आणि जोडल्याबरोबर दोन्ही कान समान वाजू लागले. आठ महिने मी माझ्या निवडीवर खूश होतो. पुढच्या जुलैत तोच उजवा कान त्याच पद्धतीने उतरला, तेव्हा लक्षात आले की गुण अ‍ॅम्प्लिफायरने दिला नव्हता, ऑक्टोबरने दिला होता. पावसात तबला उतरतो हे आपण लहानपणापासून गृहीत धरतो आणि त्यासाठी नवा तबला घेत नाही. या हेडफोनचा पडदाही एका अर्थाने उतरतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्यासाठी आतली रचना थोडी समजून घ्यावी लागते. साध्या हेडफोनमध्ये तारेचे वेटोळे आणि चुंबक असतो. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये एक-दीड मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्श्याइतका प्लास्टिकचा पातळ पडदा छिद्रे असलेल्या धातूच्या दोन जाळ्यांमध्ये ताणून बसवलेला असतो. पडद्यावर अ‍ॅम्प्लिफायरकडून कायमचा उच्च विद्युतदाब दिलेला असतो. त्याला बायस म्हणतात. संगीताचा सिग्नल दोन्ही जाळ्यांना उलट-सुलट दिला जातो, आणि भारित पडदा एका जाळीकडे ओढला जाऊन दुसरीपासून ढकलला जातो. पडद्यावर जितका भार, तितका आवाज. भार निम्मा झाला तर आवाज ६ डेसिबलने उतरतो. पडद्यावरचा लेप मुद्दाम अतिशय जास्त रोधाचा ठेवलेला असतो, जेणेकरून वाजत असताना भार इकडून तिकडे पळू नये. याचा दुसरा परिणाम असा की भार भरायलाही वेळ लागतो, आणि कोठून बारीकशी गळती सुरू झाली तर ती लगेच भरून निघत नाही. पडदा आणि जाळी यांच्यामधील निरोधक कड्यावर ओलीचा आणि धुळीचा थर बसला, की ती गळती सुरू होते. त्यातच कान आणि डोके यांची ऊब व घाम कपात साठत जातो; म्हणून आवाज पहिल्या मिनिटाला न उतरता वीस-तीस मिनिटांनी उतरतो.

ओलीवर सारा दोष टाकण्यापूर्वी जोडी मुळात बरोबर आहे ना, हे पाहिले पाहिजे, आणि त्यात पहिला प्रश्न बायसचा आहे. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली एसआर-१ हा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बाजारात आणला आणि पुढे अनेक वर्षे त्यांचे हेडफोन २३० व्होल्ट बायसवर चालत. त्याला नॉर्मल बायस म्हणतात आणि त्याचा प्लग सहा पिनांचा असतो. नंतर त्यांनी ५८० व्होल्टचा प्रो बायस आणला, त्याचा प्लग पाच पिनांचा. आज जे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन नव्याने मिळतात, त्यांतील बहुतेकांनी, दुसऱ्या उत्पादकांनीसुद्धा, हा पाच पिनांचा ५८० व्होल्टचाच मार्ग धरलेला आहे. कॉस कंपनीच्या ईएसपी-९५० चा बायस ६०० व्होल्ट आहे आणि त्याची जोडणी वेगळी आहे. अ‍ॅडाप्टर लावून तो ५८० वर चालवला तर आवाजात पाव डेसिबलच्या आसपासच फरक पडतो, त्यामुळे त्या बाबतीत झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

खरा घोटाळा २३० आणि ५८० यांच्यात होतो. पाच पिनांचा प्रो प्लग सहा पिनांच्या नॉर्मल सॉकेटमध्ये बसतो आणि वाजतोही. मात्र बायस अडीच पटीने कमी मिळाल्यामुळे आवाज ८ डेसिबलने खाली येतो, मालक नॉब पुढे रेटतो, सिग्नल फुटतो आणि दूषण अ‍ॅम्प्लिफायरला मिळते. उलट दिशा धोक्याची आहे. नॉर्मल हेडफोनमध्ये पडदा आणि जाळी यांतील अंतर सुमारे ०.३ मिलिमीटर असते, तर प्रोमध्ये ते ०.५ मिलिमीटर असते. त्या अरुंद फटीला ५८० व्होल्ट दिले तर पडदा जाळीला चिकटू शकतो, ठिणगी पडू शकते आणि लेप जळू शकतो. म्हणूनच सहा पिनांचा प्लग पाच पिनांच्या सॉकेटमध्ये बसूच नये अशी सोय मधल्या पिनेमुळे केलेली आहे. पण ती पीन छाटलेले जुने प्लग आणि हाताने बनवलेले अ‍ॅडाप्टर वापरलेल्या मालाच्या बाजारात भेटतात. असा प्लग दिसला तर सौदा कितीही स्वस्त असो, आधी हेडफोनचे मॉडेल पडताळावे.

येथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मंगळवार पेठेतील एका ज्येष्ठ परिचितांनी दोन सॉकेट असलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतला, आणि प्रो हेडफोन चिकाटीने नॉर्मलच्या सॉकेटला लावत राहिले. आवाज कमी येतो म्हणून त्यांचा फोन आला. मी कारण विचारले, तर ते म्हणाले, "अरे, त्यावर स्पष्ट २३० व्होल्ट लिहिलंय. आपल्याकडे २३० च असतात की! ५८० ला लावून जाळून घेऊ काय?" मी म्हटले, "काका, ते २३० घरातल्या विजेचे नव्हेत, पडद्याचे आहेत." तरीही त्यांचा विश्वास बसायला दोन दिवस गेले. आकडा योगायोगाने जुळल्यामुळे होणारी ही चूक घरात २३० व्होल्ट वीज असलेल्या भारतासारख्या देशांतच घडू शकते; जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची असल्याने तेथे कोणाच्या मनात हे येणारही नाही.

बायस बरोबर मिळतो आहे की नाही हे मल्टिमीटरने पाहावे असे सर्रास सुचवले जाते, आणि तेथे दुसरा सापळा आहे. सुरक्षिततेसाठी बायसच्या मार्गात साधारण पाच मेगाओमचा रोध बसवलेला असतो. नेहमीच्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध दहा मेगाओम असतो. मीटर लावताच त्या दोघांत व्होल्टेज वाटले जाते आणि ५८० व्होल्टच्या निर्दोष पुरवठ्यावर मीटर ३९० च्या आसपास आकडा दाखवतो. माझा अ‍ॅम्प्लिफायर शाहूपुरीतील ज्या कारागिरांना दाखवला, ते जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हयात घालवलेले, उच्च दाबाला न घाबरणारे पण त्याचा मान राखणारे गृहस्थ. त्यांनीही ३९० वाचून "पुरवठा बसलाय" असे निदान केले होते. आम्ही दोघांनी पाठीमागच्या कॅलेंडरवर गुणाकार-भागाकार केला: ५८० गुणिले १०, भागिले १५. उत्तर ३८७ आले आणि सुट्या भागांची ऑर्डर रद्द झाली. तेव्हा ३८० ते ४०० असा आकडा दिसला तर तो आजार समजू नये. १०० किंवा ५० दिसले तर मात्र पुरवठा तपासावा लागेल.

हे काम स्वतः करण्याचा सल्ला मी देणार नाही. बायसच्या पिनेतून मिळणारा प्रवाह त्या मोठ्या रोधामुळे ०.१२ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही, ती पीन तशी निरुपद्रवी आहे. पण त्याच सॉकेटमधील शेजारच्या पिनांवर सिग्नलचे शेकडो व्होल्ट असतात आणि झाकणाखालच्या कपॅसिटरांत वीज काढल्यानंतरही भार राहतो. ६०० व्होल्टपर्यंतचा स्वस्त मीटर ५८० वर अगदी काठावर येतो, त्यामुळे १००० व्होल्टचाच वापरावा, आणि तोही अशा माणसाने ज्याने हे पूर्वी केलेले आहे.

आता माझ्या मते सर्वांत जास्त वेळा चुकणारी जोडी. ती हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची नसते, डॅक (डिजिटल संगीताचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची असते. इलेक्ट्रोस्टॅटिक अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल प्रचंड पटीने वाढवतात. स्टॅक्सच्या एसआरएम-३५३एक्स मध्ये ही वाढ १००० पट आहे, लहान एसआरएम-२५२एस मध्ये ८०० पट. पहिल्याचे कमाल आउटपुट ४०० व्होल्ट असल्याने त्याला पूर्ण ताकदीसाठी फक्त ०.४ व्होल्ट इनपुट पुरते. आपला डॅक किंवा सीडी प्लेअर साध्या आरसीए जोडणीतून २ व्होल्ट देतो, बॅलन्स्ड जोडणीतून ४. म्हणजे २ व्होल्टच्या वेळीसुद्धा गरजेपेक्षा पाचपट, १४ डेसिबल जास्त. परिणामी नॉब आठ-नऊ वाजण्याच्या स्थितीपुढे नेताच येत नाही, आणि नॉबमधील डाव्या-उजव्या कानांच्या दोन पट्ट्या या तळाच्या भागात एकमेकींशी नेमक्या जुळत नाहीत. एक कान मंद वाजतो. हा दोष ओलीसारखाच ऐकू येतो, पण बारा महिने असतो आणि पहिल्या सेकंदापासून असतो.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. संगणकातून किंवा डॅकमधूनच आवाज १२ डेसिबलने खाली आणावा आणि अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब त्या प्रमाणात पुढे न्यावा, म्हणजे ऐकू येणारी पातळी तितकीच राहील. डावे-उजवे जुळले, तर दोष नॉबच्या तळाचा होता; नव्या कशाचीही गरज नाही. २४ बिटच्या डॅकमध्ये एवढी घट केल्याने ऐकण्यात काही गमावले जात नाही, त्याविषयीच्या अंधश्रद्धेला मी फारसे महत्त्व देत नाही.

नॉबचा संशय फिटला की अदलाबदल करावी. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून डॅककडून येणाऱ्या डाव्या-उजव्या तारा एकमेकींच्या जागी लावाव्यात. मंदपणा दुसऱ्या कानात गेला, तर दोष तारेत, डॅकमध्ये किंवा त्याच्याही मागे आहे. तो त्याच कानात राहिला, तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा हेडफोन यांपैकी एक दोषी. या दोघांत निवाडा करायला दुसरा हेडफोन किंवा दुसरा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि कोल्हापुरात अशी वस्तू बाळगणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असल्याने बहुतेकांचा शोध येथेच अडतो. तरी एक तर्क मदतीला येतो: दोन्ही कानांचा बायस बहुधा एकाच पुरवठ्यातून येतो. त्यामुळे दोन्ही कान सारखेच उतरले तर बायस किंवा घरची वीज तपासावी. एकच कान उतरला, तोही हळूहळू, तर पडद्याच्या बाजूला गळती असण्याचा संभव जास्त. आवाज मोठा केल्यावरच आणि दोन्ही कानांत फाटत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरची व्होल्टची मर्यादा गाठली गेली आहे. हीच एक लक्षणावली अशी आहे, जिच्यावर मोठा अ‍ॅम्प्लिफायर हे खरे उत्तर आहे.

तपासण्यासाठी काय वाजवावे, हाही प्रश्न आहेच. धडाकेबाज चित्रपटसंगीतात डावे-उजवे सतत बदलत असते, तेथे दोन डेसिबलचा उतार कळतच नाही. मी तंबोरा लावतो. मिरज येथून पन्नासएक किलोमीटरवर आहे, आणि तेथल्या तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा धागा पुढे-मागे सरकवत कारागीर ज्या बारकाव्याने ऐकतो, साधारण त्याच कानाने येथे ऐकावे लागते. फोनवरच्या तंबोऱ्याच्या कोणत्याही अ‍ॅपमधून मोनो आवाज घ्यावा, मध्यम पातळीवर सोडून द्यावा आणि शांत बसावे. खर्जाची तार छेडली की तिचा गाभा डोक्याच्या मधोमध उमटतो आणि त्यावरची झणझण दोन्ही बाजूंना सारखी पसरते. गळती सुरू झाली की आधी ती झणझण एका बाजूने पातळ होते, गाभा नंतर सरकतो. माझ्या उजव्या कानात हे बाविसाव्या मिनिटाला होत असे. घड्याळ लावून तीन वेळा पाहिले, दोन-तीन मिनिटांच्या फरकाने तेच. जुन्या मोनो ध्वनिमुद्रिकाही याला उत्तम. अल्लादिया खाँसाहेबांचे वास्तव्य ज्या गावात घडले, त्या गावात जयपूर-अत्रौली घराण्याच्या जुन्या मुद्रणांचा शौक असलेली घरे कमी नाहीत. केसरबाईंचा आवाज मध्यापासून बोटभर सरकला तरी अशा श्रोत्याला तो खुपतो.

निदान ओलीचे निघाले तर उपाय स्वयंपाकघरात आहे. रबरी कड्याचा, हवाबंद बसणारा मोठा डबा घ्यावा. तळाशी मलमलच्या पुरचुंडीत अर्धा किलो सिलिका जेल ठेवावे, वर जाळी किंवा पुठ्ठ्याची चाळण, आणि त्यावर हेडफोन. पुरचुंडी यासाठी की जेलची भुकटी उडून जाळीत गेली तर एक रोग काढून दुसरा घातल्यासारखे होईल. तांदळात ठेवण्याचा सल्ला याच कारणाने वाईट आहे. तांदळाचा कोंडा पडद्याचा वैरी. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवला तर अंदाज बांधता येतो. पावसाच्या झडीत घरात ८५-९० टक्के आर्द्रता सहज असते; डब्यात ती ४५ च्या आसपास आली की एक-दोन दिवस तशीच राहू द्यावी. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला, किंवा नारिंगी दाण्यांचा हिरवट झाला, की जेल भरले असे समजून मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास पुन्हा सुकवावे. निळ्या रंगासाठी कोबाल्टचे क्षार वापरतात. त्यासाठीची कढई वेगळी ठेवावी आणि मुलांच्या हाताला येऊ देऊ नये. आमच्या घरी पहिल्या वेळी पोह्यांची कढई वापरली गेली होती. त्यावर झालेला संवाद येथे देत नाही.

केस वाळवण्याचे यंत्र लावू नये. गरम हवेचा झोत पडद्याचा ताण बिघडवू शकतो आणि धूळ आत लोटतो. काही जण व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर हेडफोन ठेवून त्याच्या उबेने सुकवतात. ऊब खरोखर कामाची आहे, पण थेट झाकणावर ठेवल्यास गाद्यांचे चामडे कडक होऊन तडकते. वीतभर उंचीवरची फळी पुरेशी आहे. जुन्या घरांत कपड्यांच्या कपाटात बुरशी धरू नये म्हणून १५ वॅटचा बल्ब लावून ठेवत असत, तोच उपाय लहान कपाटात आजही चालतो. ऐकून झाल्यावर हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरपासून काढावा. प्लग हातात घेऊन, म्हणजे तो पूर्ण बाहेर काढल्यानंतरच, त्याच्या सर्व पिना अ‍ॅल्युमिनियमच्या चांदीसारख्या कागदाने एकत्र टेकवल्या की पडद्यावर उरलेला असमान भार निघून जातो. उघड्यावर ठेवू नये, कारण भारित पडदा धूळ ओढतो.

कप कानावर दाबल्यावर क्षणभर चिरकणे किंवा फसफसणे ऐकू आले, तर घाबरू नये; घट्ट बसणाऱ्या कपात हवा दाबली गेली की पडदा जाळीला टेकतो आणि परत सुटतो. तो आवाज दाब काढल्यावरही चालू राहिला, तर आत केस किंवा कण गेलेला असू शकतो.

मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न राहिला. येथे आकडेच बोलू द्यावेत. स्टॅक्सच्या एसआर-एल७०० सारखा हेडफोन १०० व्होल्टला १०१ डेसिबल देतो. एसआरएम-२५२एस चे कमाल आउटपुट २८० व्होल्ट आहे, म्हणजे सुमारे ११० डेसिबल. त्याच घराण्यातील शिरोमणी एसआरएम-टी८००० चे ४७० व्होल्ट, म्हणजे ११४ च्या थोडे वर. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांच्यात साडेचार डेसिबल! ख्याल ऐकताना सरासरी पातळी ७५ च्या आसपास ठेवणाऱ्या माणसाला, तार षड्जाची आस आणि तबल्याची चाट धरूनही, लहान अ‍ॅम्प्लिफायरचे व्होल्ट कमी पडणे कठीण आहे. मोठ्याचा खरा लाभ करंटमध्ये असतो. हेडफोन हा ११० पिकोफॅरडचा कपॅसिटर असल्याने १० किलोहर्ट्झला त्याचा रोध १४५ किलोओम असतो, २० किलोहर्ट्झला निम्मा. जितका सूर उंच आणि आवाज मोठा, तितका जास्त प्रवाह द्यावा लागतो. लांब एक्स्टेन्शन तार लावली की कपॅसिटन्स आणखी वाढतो. तेव्हा वाद्यवृंद मोठ्याने ऐकताना झांजा कडक, कोरड्या होत असतील आणि आवाज कमी केल्यावर त्या मोकळ्या होत असतील, तर अ‍ॅम्प्लिफायर दमतो आहे. त्याच सुरावर तो हळूही कडक वाजत असेल, तर तो स्वभाव आहे, थकवा नव्हे. आणि स्वभावाची निवड ज्याने-त्याने स्वतःच्या कानाने करावी.

जपानहून आणलेला १०० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर येथे थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. शिवाजी उद्यमनगरात ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे कारागीर आहेत. २३० ते १०० व्होल्ट, दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा, १५० ते २०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर मागावा. एकाच वेटोळ्याचा ऑटोट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त पडतो, मात्र तो वीजवाहिनीपासून अलग करत नाही. माझ्या कारागिरांनी "एवढ्याशा डब्याला एवढं लोखंड कशाला?" असे विचारले होते, त्यांचा हात इंजिने आणि पंपांवर बसलेला. त्यांना सांगावे की गरम होता कामा नये आणि घुमता कामा नये, मग ते बरोबर करतात. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बायसचा पुरवठा नियमित केलेला नसतो, तेथे घरातले व्होल्टेज २५० वर गेले की बायसही त्याच प्रमाणात ६३० कडे सरकतो, आणि ओलसर हवेत नेमके हे नको असते. तेथे स्टॅबिलायझर लावणे योग्य.

स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे जुने ट्रान्सफॉर्मर डबे, जसे स्टॅक्सचा एसआरडी-७, यांच्या बाबतीत एक जास्तीची चाचणी मिळते. त्याचा बायस घरच्या विजेवर तयार होतो, सिग्नल स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरकडून येतो. तंबोरा चालू ठेवून डब्याची वीज तेवढी काढली, तर पडद्यावरच्या उरलेल्या भारावर आवाज काही काळ टिकतो आणि मग विझत जातो. जो कान लक्षणीयरीत्या आधी विझतो, तो गळका. मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा हे करून वेळ लिहून ठेवला, तर वाद उरत नाही.

दोन दिवस डब्यात सुकवूनही कान परत येत नसेल, किंवा कोरड्या जानेवारीतही तो उतरत असेल, तर पडद्याचा लेप किंवा निरोधक कडे खराब झालेले आहे आणि ते घरी होणारे काम नव्हे. ड्रायव्हर, म्हणजे पडदा आणि जाळ्या यांचा संच, बदलावा लागतो. अशा वेळी हेडफोन दुरुस्तीला पाठवताना एक चिठ्ठी सोबत घालावी. माझा हेडफोन पहिल्यांदा पाठवला तेव्हा "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन तो परत आला होता, आणि त्यांचे चुकलेही नव्हते: वातानुकूलित, कोरड्या खोलीत तो दोन दिवस पडून राहिला, आपोआप सुकला, आणि पाच मिनिटांच्या तपासणीत दोन्ही कान समान वाजले. चिठ्ठीत महिना लिहावा, घरातली आर्द्रता लिहावी, आणि आवाज कितव्या मिनिटाला उतरतो ते लिहून, किमान अर्धा तास सलग वाजवून पाहावे अशी विनंती करावी.